तात्यांचा शेवटचा सामना

महान खेळाडूला कोणी अडवू शकत नाही, असं वक्ते सांगत होते. कबड्डीतून निवृत्त होणारे आमच्या गावचे तात्या शाल, फेटा आणि हारांखाली बसले होते. आत खेळाचे कपडे होते, कारण भाषणं संपल्यावर ते शेवटचा सामना खेळणार होते. ऊन उतरलं तसे ते उठले.

"उजेड आहे तोवर एक चढाई करू द्या की."

"बसा हो तात्या," सरपंचांनी त्यांचा हात धरला. "तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं? उपसरपंचांचं राहिलंय अजून."

तात्या बसले. माणसाचा गौरव करायचा तर आधी त्याला हलू द्यायचं नसतं. पुतळ्यांची कल्पना त्यातूनच निघाली असावी.

उपसरपंच थांबले तेव्हा अंधार झाला होता. दिवे फक्त मांडवात होते, म्हणून सामना रद्द झाला. तात्यांना पहिल्या पंगतीला बसवलं.