काशीतल्या आत्याचा पिंड

पंचगंगा घाटाखालून होडी नेताना कुठलं देऊळ कुणी पाडलं, त्यावर कुणी काय बांधलं, हे होडीवाला न विचारता सांगत होता. या देशाला जुनी भांडणं तेवढी बरोब्बर आठवतात. मला वीट आला होता. बाबा पायऱ्यांकडे बघत होते.

बाबा लहान असताना त्यांच्या विधवा आत्याला घरच्यांनी इथं काशीवासासाठी आणून ठेवलं. ठेवलं कसलं, टाकलं. पुढे ती कधी गेली तेही घरी कुणाला कळलं नाही. आता पंचाऐंशी उलटल्यावर बाबा हट्टाला पेटले होते, की आपण जायच्या आत तिला पिंड द्यायचा.

संकठा घाटावरचे गुरुजी मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या काशीतले. त्यांनी आत्याचं नाव आणि गोत्र विचारलं. सासरचं गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणायची सोय असते. नावाला निदान या गुरुजींकडे तरी सोय नव्हती, आणि बाबांना ते सांगता येईना. माहेरचं नाव लग्नात बदललेलं. सासरचं नवऱ्याबरोबर गेलं. माहेरी परत आल्यावर तिला नावानं हाक मारायची कुणाला गरजच वाटली नाही. माझ्या लग्नातही ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहिलं होतं आणि मी लाजून हसले होते. आमच्या घरात सात पिढ्यांचे पुरुष सगळ्यांना तोंडपाठ आहेत. त्या क्षणी मला त्या साती जणांचा संताप आला.

"मी आत्याच म्हणायचो," बाबा म्हणाले.

"चिंता नका करू, बाबूजी. धर्मपिंड देऊन टाकू. ज्यांचं कोणीच नसतं ना, त्यांच्यासाठीच असतो तो."

"तिचं कोणी नाही कसं? मी भाचा आहे तिचा."

गुरुजींनी मान हलवली आणि पुन्हा, जरा हळू आवाजात, नाव विचारलं. मणिकर्णिकेकडून धूर येत होता. बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांचे ओठ नुसतेच हलत राहिले. मागे दुसरे यजमान खोळंबले होते.

शेवटी बाबांनीच धर्मपिंडासाठी हात पुढे केला. मी मनगटाला आधार दिला. गुरुजींनी मंत्र म्हटला आणि पिंड दर्भावर ठेवला गेला. घरच्यांनी तिला बेवारशी केलं होतं. आम्ही दोघांनी इतक्या लांब येऊन, गंगेचं पाणी सोडून, ते पक्कं केलं.