बनाबाईची पाटीभर खडी

आमच्या शेजारच्या बनाबाईविषयी लिही, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या पोरापोरींनी मला सांगितलं तेव्हा मी आधी तिलाच जाऊन विचारलं. ती दारात बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "लिही की. पर खोटं घालू नको. तुझं तोंड म्हंजे फुटकी घागर, आबा." तर ही फुटकी घागर गळेल तसं लिहिते. मात्र जे गळेल ते खरं असेल.

ईट गावच्या शिवाराला लागून आमची वस्ती आहे. ख्रिस्ती घरं मोजून सात. मधोमध देऊळ. देऊळ म्हणजे दगडी भिंतींची, पत्र्याची एक खोली, बाहेर लिंबाला टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा, तीच आमची घंटा. अंगणात मिशनच्या काळातली विहीर. या सगळ्याची राखण बनाबाईकडे. पगार नाही, नेमणुकीचा कागद नाही. नवरा वारल्यावर तिने एके दिवशी खराटा घेतला आणि देऊळ झाडलं, दुसऱ्या दिवशीही झाडलं, आणि मग किल्ली तिच्याच कमरेला राहिली. वीतभर लांब लोखंडी किल्ली. ती चालली की किल्ली मांडीवर आपटायची. मी म्हणायचो, "बनाबाई, तुम्ही येताय हे गावाला आधी कळतं, पाटलाच्या बैलासारखं." ती म्हणायची, "तू येतोयस ते तुझ्या तोंडानं कळतंय की."

आता बहात्तर सालाकडे येतो. त्या साली आभाळाने आम्हाला तोंडच दाखवलं नाही. विहीर श्रावणातच आटली. सगळी वस्ती पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला. बाया फोडायच्या, बाप्ये वाहायचे, दुपारी सरकारी सुकडीचं पीठ मिळायचं. फक्त बाजारच्या दिवशी काम बंद, आणि रविवारी आम्ही ख्रिस्ती माणसं हातोडी धरत नसू. पोट कसंबसं भरत होतं, पण हे काम किती दिवस चालेल याचा भरवसा नव्हता. तेवढ्यात लांबच्या एका सहकारी साखर कारखान्याचा मुकादम नानासाहेब गावात आला. ऊसतोडीची टोळी हवी होती. दिवाळीनंतर ट्रक येणार, सहा महिने तिकडेच पाचटाच्या झोपड्यांत, कोप्यांत राहायचं. सातांतल्या पाच घरांनी नावं दिली. त्यात माझंही होतं, लपवत नाही. मागे राहणार होत्या फक्त बनाबाई आणि डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी शांताक्का.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पाळक इलिशा कसबे धाराशिवहून एसटीने आले. माणूस सरळ, पण मिशनच्या कचेरीतून जे सांगितलं जाईल ते जसंच्या तसं आणून ठेवणारा. उपासना झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, यंदा हंगामाचा सण होणार नाही. दुसरी, टोळी गेल्यावर देवळात किमान पाच घरांची हजेरी राहणार नाही, म्हणून कचेरीच्या ठरावाप्रमाणे देवळाला कुलूप लागेल. डिसेंबरात येऊन ते किल्ली घेऊन जातील.

हंगामाचा सण ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो. सुगी झाली की प्रत्येक घराने पिकातला पहिला वाटा देवळात आणायचा. कोणी ज्वारीची पेंढी, कोणी भोपळा, कोणी कोंबडा. उपकाराची प्रार्थना झाली की त्याचा लिलाव करायचा. आमच्यात वर्षभर गप्प असणारी माणसं त्या दिवशी एका भोपळ्यावरून इरेला पेटतात. आणि लिलावात बोललेला शब्द आमच्यात फिरत नाही. आमच्या वस्तीतल्या गोरोबाने एकदा जोशात बोललेला कोंबडा सोडवायला अंगावरची घोंगडी दिली आणि थंडीभर पोतं पांघरलं. लिलाव पुकारायचं काम माझं. देवाने मला दान दिलं असेल तर ते हेच, आरडाओरडा.

पाळकसाहेब बोलून थांबले तशी बनाबाई उठली.

"सण व्हनार," ती म्हणाली.

"बनाबाई, पिकलंच नाही तर सण कशाचा?"

"त्ये मला ठावं न्हाय. सण व्हनार. आन् दाराला कुलूप लागनार न्हाय."

पाळकसाहेब हसले, पण चांगलं हसले. बायबापड्यांना समजेल असं त्यांनी समजावलं. म्हणाले, एक विश्वास आपल्या सगळ्यांचा, ज्याने तारण मिळतं. तो शांताक्काचाही आहे आणि या आबारावचाही आहे. (इथे सगळे माझ्याकडे बघून हसले.) पण त्याखेरीज विश्वास हे एक वेगळं कृपादान आहे. ते सगळ्यांना मिळत नाही. आत्मा आपल्या मर्जीने एखाद्याला देतो, तेही त्याच्या स्वतःच्या सोयीसाठी नाही, मंडळीच्या उभारणीसाठी. ज्याला मिळालं त्याने फुगू नये, ज्याला नाही मिळालं त्याने खंत करू नये. "म्हणून जपून बोलावं, बनाबाई. नुसत्या हट्टाला कृपादान म्हणू नये."

"हट्ट आन् ह्ये, वळखायचं कसं?"

पाळकसाहेब थोडे अडखळले. "ते... फळावरून कळतं."

बनाबाई तशीच उभी. मग ती जे बोलली ते मी तेव्हापासून शंभर वेळा तरी घोळवलं आहे.

"पाळकसाब, माजा ल्योक म्हमईला गेला त्याला नऊ वर्सं झाली. कागूद न्हाय, निरोप न्हाय. म्या रोज सकाळी त्याच्यासाठी मागतीया. नऊ वर्सं. पर त्यो यील असं मला एक डाव बी आतून वाटलं न्हाय. मागती, पर वाटत न्हाय. हट्ट असता तर म्या तिथंच धरला असता ना? ह्ये दाराचं म्या मागितलं बी न्हाय, आन् ह्ये आतून वाटतंय, हातात धोंडा धरल्यासारकं. आता मला न इचारता दिलंय, तर म्या काय करू? परत देऊ?"

मलाही विनोद सुचला नाही, यावरून काय ते समजा.

पाळकसाहेब टोपी घालून निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "डिसेंबरात येतो."

पुढचे तीन आठवडे खडी फोडताना सगळी वस्ती तिची चेष्टा करत होती. त्यात पुढारी मीच. "बनाबाई, सणाला यंदा काय? वाळली काटी की उडता फुफाटा?" श्रीपती नावाचा आमचा एक धिप्पाड गडी, त्याची बायको चांगुणा त्याहून तिखट. ती म्हणायची, "मावशे, आमी तर ट्रकात बसून सण करू." बनाबाई हातोडी मारत राहायची. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणायची, "शेवटल्या ऐतवारी या. रिकाम्या हातानं येऊ नका."

आणि शेवटच्या रविवारी घंटा वाजली.

गेलो आम्ही सगळे. जायचं कारण भक्ती नव्हे, गंमत. शांताक्काने वाटीत मूठभर सुकडी आणली होती. गोरोबाने तुटलेला कुदळीचा दांडा. चांगुणेने कुठून तरी तरवडाची फुलं आणली, दुष्काळातही ती मेली फुलतातच. बनाबाई सगळ्यांत शेवटी आली, डोक्यावर पाटी. तिने ती मेजाशी उतरवली. पाटीत खडी. फोडलेल्या काळ्या दगडाची, टोकदार, शिगोशीग.

चांगुणा खुदकन हसली.

"हसती कशाला?" बनाबाई म्हणाली. "म्हैनाभर आपुन दुसरं काय कापतोय? ह्येच आपलं पीक. आलं त्ये आनलं. उपकार मानून पुढं चला."

प्रार्थना तिनेच केली. लांब नव्हती. देवा, हे आहे, हे घे. एवढंच.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाटीमागे उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, लिलाव कशाचा करू? खिशात हात घाला, स्वतःची मांडीच लागंल."

"पैसं न्हाईत तर दिवसभराच्या कामाचं रोज बोला," बनाबाई म्हणाली. "हिरीत गाळ हाय, खाली खडक हाय. ज्याला जितकं रोज खनायचं तितकं बोला."

आता मी पुकारायला लागलो की माझ्या हातात काही राहत नाही. सुकडीची वाटी दोन रोजांवर गेली. दांडा तीनवर. तरवडाच्या फुलांवर फकरुद्दीनने दारातून आवाज दिला, "एक रोज मेरा भी लिखो!" हा फकरुद्दीन आमचा शेजारी, पाथरवट. सणाला दरसाल दारात उभा राहून मजा बघायचा, आत यायचा नाही. मी ओरडलो, "मुसलमान एक बोलला, ख्रिस्तावाल्यांनो, लाज वाटू द्या!" फुलं चारवर गेली.

मग खडीची पाटी.

"पाच," श्रीपती म्हणाला.

"श्रीपतराव, छाती एवढी आणि आकडा एवढा?"

"सात!"

"आठ," पाठीमागून बाईचा आवाज. चांगुणा. नवऱ्यावर बायको बोलली! देवळात हशा पिकला. श्रीपती लालबुंद. "नऊ." "दहा." "चांगुणे, गप!" "तुमी गप व्हा, मी गप व्हते." मी टाळ्या वाजवत होतो, घसा ताणत होतो, आणि कसं काय कोणास ठाऊक, माझ्याच तोंडून निघालं, "बारा!"

पुकारणारा स्वतःच बोलला. असं आधी कधी झालं नव्हतं. पाटी माझी झाली. पण आमच्या रीतीप्रमाणे शेवटचा आकडा एकट्याचा असला तरी जो जितका बोलला तो तितका बांधील. श्रीपती नऊ, चांगुणा दहा, मी बारा.

घामाघूम होऊन बाहेर आलो. फकरुद्दीन लिंबाखाली बसून बोटं मोजत होता.

"आबाराव," तो म्हणाला, "तुम्ही खणणार कधी?"

"म्हंजे?"

"तलावाचं काम बंद कधी असतं?"

"बाजारच्या दिवशी."

"हप्त्यात बाजार किती?"

मीही बोटं मोजायला लागलो. बारा रोज म्हणजे बारा आठवडे. जानेवारी सरणार होता. आणि ट्रक होता दिवाळीनंतर.

श्रीपती आधी बनाबाईकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. "तुज्यामुळं झालं ह्ये, आबा."

"मी काय तुझ्या तोंडात नऊ घातले?"

"घातलंस!"

बनाबाई पाटीतली सांडलेली खडी वेचत होती. मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?" ती म्हणाली, "मला? मला हप्ते मोजता येत्यात व्हय?" खरंच येत नव्हते. मी खूप शोधलं, पण तिच्या चेहऱ्यावर लबाडी सापडली नाही. सापडली असती तर आनंदाने लिहिली असती.

दिवाळी झाली आणि नानासाहेब ट्रक घेऊन आला. "चला, बोजे टाका."

श्रीपती पुढे झाला. "आमचं जमत न्हाय. रोज बोललोय."

"कुणाकडं?"

"देवळाच्या हिरीवर."

"पाणी हाय का तिला?"

"न्हाय."

"मग?"

"म्हनूनच खनायची हाय," चांगुणा म्हणाली. "पाणी असतं तर भरली असती."

नानासाहेबाने आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. "खुळं झालंय का सगळं गाव?" मनातून आम्हालाही तसंच वाटत होतं. पण गोरोबाची घोंगडी सगळ्यांना आठवत होती, आणि पहिला शब्द फिरवणारा व्हायला कोणी तयार नव्हतं. ट्रक दुसऱ्या गावची माणसं भरून गेला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पाळक कसबे आले. रविवारी आम्ही खणत नव्हतो, पण अंगणात काढलेल्या मुरमाचा ढीग त्यांना दिसला. देवळात सातही घरं बसलेली दिसली. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही, आधी विहिरीत डोकावून पाहिलं. दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकी, खोल वाढलेली आणि तळाला ठणठणीत कोरडी.

"पाणी लागलं नाही, बनाबाई," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, खरी हळहळ होती.

"न्हाय लागलं."

"मग तो तुमचा विश्वास?"

"म्या पान्याचं कदी बोलले? इचारा सगळ्यांस्नी. सण व्हनार म्हनले, झाला. कुलूप लागनार न्हाय म्हनले. पान्याचं मला काई दिलंच न्हाय, म्या कसं बोलू?"

पाळकसाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. कचेरीचा ठराव त्यांच्या खिशात होता. पाच घरं हजर असली तरी दुष्काळात वरखर्च नको म्हणून कचेरीला कुलूपच हवं होतं. ते म्हणाले, "माझा नाइलाज आहे. किल्ली द्यावी लागेल."

आम्हाला वाटलं आता बनाबाई भांडणार. श्रीपतीने तर बाह्या सरसावल्या. पण तिने कमरेची दोरी सोडली आणि ती वीतभर किल्ली दोन्ही हातांनी पाळकसाहेबांच्या तळव्यावर ठेवली. पंधरा वर्षं कमरेला होती. तिचा हात नंतर नुसताच कमरेपाशी गेला आणि परत आला.

पाळकसाहेब दाराकडे वळले. कडी होती, कोयंडा होता. कुलूप नव्हतं.

"कुलूप कुठं आहे?"

"हिरीत," बनाबाई म्हणाली.

"विहिरीत?"

"काल म्या सोता टाकलं. पानी न्हाय, वरनं दिसंल तुम्हास्नी, त्या कडंच्या कपारीजवळ. लाजायचं काम न्हाय. तुम्ही उतरा आन् घ्या. आबा दोर धरंल."

मी दोर धरायला खरंच पुढे झालो. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग काठावर जाऊन वाकले. तळाला, कोरड्या खडकावर, ते पितळी कुलूप दुपारच्या उन्हात चमकत होतं. एक पोरगंसुद्धा दहा मिनिटांत काढून आणू शकलं असतं. ते बराच वेळ बघत राहिले.

शेवटी ते सरळ झाले, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "घंटा वाजवा, बनाबाई. उपासनेला उशीर झाला."

कचेरीत त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. दुसरं कुलूप घेऊन कोणी आलं नाही. आम्ही आपापले रोज पुरे केले, माझे बारा जानेवारीअखेर सरले. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि इतर विहिरींसारखी तीही भरली. त्यात नवल काही नाही, बनाबाईही ते नवल म्हणून कधी सांगत नाही. तिचा मुलगा अजून आलेला नाही. ती रोज सकाळी मागते.

मला ते दान नाही. तेव्हा नव्हतं, आताही नाही. मी शेजारी राहतो, एवढंच. खडीची पाटी माझ्या उंबऱ्यापाशी ओतली आहे, पावसाळ्यात चिखल होत नाही. गेल्या महिन्यात नवे तरुण पाळक आले. देवळाचं सताड उघडं दार बघून म्हणाले, चोरीमारी होते हल्ली, कुलूप लावत चला. बनाबाई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "हाय की कुलूप. धा पुरुस पान्याखाली हाय. आन् किल्ली तुमच्याच कचेरीत आसंल."