नव्या माणसाची नाडी

दर रविवारी दुपारी तीच चार माणसं एका खोलीत बसली की किस्से साचणारच. कोणी ते जमवायला जात नाही, पण चहाला बसलं की एकातून दुसरा निघतो. आमच्या खोलीतले किस्से ऐकायला मजेशीर आहेत. मी मात्र हल्ली ते सांगताना मध्येच घाबरतो, म्हणून त्याचं कारण आधीच सांगून टाकतो.

पुसदला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वरच्या खोलीत आधी शिकवणी चालायची, आता आम्ही तिथे अंतराळाच्या, रोबोटच्या, परग्रहाच्या जुन्या फिल्म पाहतो. आम्ही म्हणजे राठोड सर, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, वानखडे कंपाउंडर आणि मी. सर मला शाळेत विज्ञान शिकवायचे आणि प्रयोगशाळेत व्हीसीआर लावून या फिल्म दाखवायचे. हे वेड त्यांनीच लावलं.

गेल्या वर्षी यवतमाळच्या डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, की सरांची स्मरणशक्ती आता हळूहळू जाणार. काकूंनी मला आणि वानखडेभाऊंना जिन्यात गाठलं. "त्यायले सांगू नका," त्या म्हणाल्या. "त्यायले वाटते वयानं होऊन राह्यलं. रविवार तेवढा बंद करू नका."

तेव्हापासून एकच भीती आहे. सरांना कळलं तर?

*

नाडीचा नियम सरांचाच. हे डॉक्टरांच्या आधीचं. मी एकदा म्हणालो, "सर, या फिल्म आजही भारी वाटतात."

"कायच्या भारी?" सर म्हणाले. "तू सातवीत पाह्यल्या म्हणून तुले गोड लागते. ज्यानं कधी पाह्यलीच नाही, त्याले भेव वाटलं तर फिल्म खरी."

मग ठरलं. प्रत्येक फिल्मला एक नवा माणूस, ज्यानं ती आधी पाहिलेली नाही. वानखडेभाऊ सुरुवातीला त्याची नाडी मोजणार आणि भीतीच्या प्रसंगाला पुन्हा मोजणार. पंधरा ठोके वाढले तर फिल्म पास. आधी पाहिलेल्यांच्या नाडीला किंमत शून्य.

सरांनी रजिस्टर आखलं. एक फिल्म दोनदा लिहायची नाही, हाही नियम. त्यामुळे निकाल लिहिण्याआधी सर मागची पानं चाळणार म्हणजे चाळणारच.

*

पहिली फिल्म माझ्या आवडीची. मंगळावरून हत्तीएवढा खेकडा येतो. सातवीत ती पाहून मी आठ दिवस एकटा विहिरीवर गेलो नव्हतो.

नवा माणूस काकू. खेकड्यानं नांगी उचलली आणि नांगीला बांधलेली तार स्पष्ट दिसली. मी पडद्याकडे न बघता काकूंकडे बघत होतो. त्यांचे डोळे मिटलेले.

वानखडेभाऊ हळूच म्हणाले, "बाहत्तरची चौसष्ट झाली, सर. झोपल्या वाटते."

सरांनी 'नापास' लिहिलं आणि माझ्याकडे वळले. "गजू, फिल्मचं काय घेऊन बसला. तुझी सातवी नापास झाली!"

*

माझा मेहुणा राजूरला कोळशाच्या खाणीत आहे. भूत, साप, साहेब, कशालाच न घाबरणारा. त्याला बसवलं ती फिल्म अंतराळात अडकलेल्या यानाची. आत तिघं, आणि हवा संपत चाललेली.

पहिला अर्धा तास तो हसतच होता. "हवा कमी झाली का माणूस एवढं बोलत नाही," असं त्यानं दोनदा ऐकवलं. मग पडद्यावरचे तिघंही बोलायचे थांबले. संगीतही नाही. नुसता एक काटा खाली सरकत होता.

वानखडेभाऊंनी मनगट धरायला हात पुढे केला, तर खुर्चीत माणूसच नाही. मेहुणा उठून खोलीच्या खिडक्या उघडत होता. चारही उघडल्या, मग दारही उघडलं आणि तिथेच उभा राहिला. भर मे महिन्यातली दुपार, गरम झळा आत आल्या, पण कोणी त्याला बंद कर म्हणालं नाही.

"नाडी तं भेटली नाही," वानखडेभाऊ म्हणाले.

"खिडक्या लिहा," सर म्हणाले. "चार खिडक्या, एक दार. पास."

*

हा पुढचा किस्सा मला बस कंडक्टरनं सांगितला. तोही सरांचाच विद्यार्थी.

मंगळवारी सकाळी सर फुलसावंगीच्या बसमध्ये बसले. सरांचा बंजारा तांडा त्याच बाजूला, पण त्या दिवशी घरून ते फक्त पेपर आणायला निघाले होते. कंडक्टरनं विचारलं, "सर, कुठलं तिकीट देऊ?"

सर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू सांग."

याला वाटलं, सर परीक्षा घेऊन राहिलेत. हा सरळ उभा राहिला. "फुलसावंगी, सर."

"बरोबर," सर म्हणाले.

फुलसावंगीला उतरायची वेळ आली तरी सर उठले नाहीत. परतीच्या फेरीत त्यानंच त्यांना पुसदला आणून माझ्या दुकानात सोडलं. सांगताना तो हसत होता, मीही हसलो. तो गेल्यावर मी मशीन बंद करून बसलो आणि माझ्या सातवीच्या वर्गातल्या मुलांची नावं एकेक आठवून पाहिली. दोन आठवेनात.

*

आता गेल्या महिन्यातला रविवार. सर पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढून आले, खुशीत. "एक फिल्म आणली. कोणी पाह्यली काय?"

त्यांची सगळ्यात लाडकी फिल्म होती ती. परदेशी, काळीपांढरी. अंतराळातून एक माणूस परत येतो. गाव तेच, घर तेच, पण त्याला कोणीच ओळखत नाही. शाळेत आम्हाला ती त्यांनी तीनदा दाखवली होती, प्रत्येक वाक्य मराठीत सांगत. या खोलीतही एकदा झाली होती.

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, नाही म्हणा.

"नाही, सर," मी म्हणालो.

"मंग नवा माणूस कोण?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचं मनगट पुढे केलं. "घ्या, वानखडे. मी बी पाह्यली नाही."

आधीची नाडी बहात्तर. फिल्म सुरू झाली आणि सर मराठीत काही सांगेनात. ते नुसते पाहत होते. तो माणूस स्वतःच्या घराशी येऊन कडी वाजवतो, बायको दार उघडते आणि अगदी गोड आवाजात विचारते, तुम्हाला कोण पाहिजे? तिथे सर खुर्चीत मागे सरकले. "याडी," त्यांच्या तोंडून निघालं. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. शेजारी बसलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला.

"अठ्ठ्याण्णव," वानखडेभाऊ म्हणाले.

"पास!" दिवा लागल्यावर सरांनी रजिस्टर ओढलं. आम्ही सगळं सांभाळलं होतं, पण रजिस्टर लपवायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. वानखडेभाऊंची बोटं अजून त्यांच्या डाव्या मनगटावर होती, शेवटची नाडी घ्यायची म्हणून. उजव्या हातानं सर नियमाप्रमाणे मागची पानं चाळू लागले.

चौथ्या पानावर ते थांबले. तीच फिल्म. नवा माणूस, वानखडेंचा जावई. निकाल पास. खाली शेरा, 'ही मी वीसेक वेळा पाहिली असेल. दार उघडतं तिथे अजूनही धस्स होतं.' अक्षर सरांचं. सही सरांची.

सरांनी ते दोनदा वाचलं. मग काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर खाली घातली.

"सर," वानखडेभाऊ म्हणाले. "अठ्ठ्याण्णवची आता एकशे चोवीस झाली. कोणता आकडा लिहू?"

सरांनी पान उलटून कोरं पान काढलं.

"पह्यला लिहा," ते म्हणाले. "दुसरा फिल्मचा नाही."