किडनीचा नंबर कुठे लावायचा?

भिशीला जमलो की तुम्ही मला म्हणता, "सांग गं एखादा किस्सा, तुझ्याकडे बरे असतात!" असणारच. डायलिसिसला चार तास लागतात. एक हात मशीनला लावलेला, तो हलवायचा नाही. पाणी मोजून प्यायचं. झोपावं म्हटलं तर दर अर्ध्या तासाने बीपी घ्यायला मी हजर! मग माणसाला मोकळं राहतं ते फक्त तोंड. आमच्या युनिटमध्ये रक्त गाळून ज्याचं त्याला परत मिळायचं, गोष्टी मात्र सगळ्या माझ्याकडे साचल्या.

मी डहाणूजवळच्या चिखल्याची. पालघर जिल्हा नवा झाला त्याच्या पुढच्या वर्षी डहाणू रोडच्या युनिटवर सिस्टर म्हणून लागले. सोमवार-गुरुवारची सकाळची बॅच माझी लाडकी. त्या बॅचमध्ये तिघं पक्के. बोर्डीचे राऊत सर, रिटायर्ड विज्ञान शिक्षक, वय सत्तरच्या पुढे. घोलवडकडचे होमीशेठ, इराणी, चिकूच्या वाडीचे मालक. आणि तलासरीच्या डोंगराकडचा देवजी, भात-नागली करणारा, पंचेचाळिशीचा, तिघांत सगळ्यात कमी बोलणारा. त्याच्याबरोबर त्याची बायको लक्षी यायची. पहिली बस पकडून, दोन बदलून.

*

राऊत सरांच्या पिशवीत डबा नसायचा, कात्रणं असायची. एका सोमवारी त्यांनी मोकळ्या हाताने एक कात्रण फडकवलं. "वाचा! शास्त्रज्ञांनी बशीत किडनी वाढवली!"

"बशीत?" होमीशेठ म्हणाले. "चहाच्या?"

सरांच्या अंगात लगेच वर्ग संचारला. "मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल. शरीरातली अशी पेशी, जिचं पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही. तिला नीट वळण लावलं की ती किडनी होते, लिव्हर होते, हृदयसुद्धा होते."

"माझा पुतण्या तसाच," होमीशेठ म्हणाले. "चाळीसचा झाला, पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही!"

सर हसले नाहीत. शेठनी विचारलं, "केवढी झाली ती किडनी?"

"सध्या मसुराच्या डाळीएवढी आहे. पण सुरुवात तर झाली!"

"अरे, तेवढीने मी ताडी कधी पिणार, सर?"

मी ओरडले, "ताडीचं नाव काढलंत तर सुई जाड लावीन!" आदल्याच आठवड्यात शेठ चार किलो जास्तीचं पाणी अंगात साठवून आले होते आणि "फक्त सरबत घेतलं" म्हणून माझ्या तोंडावर सांगत होते.

एवढ्यात कोपऱ्यातल्या बेडवरून देवजीने विचारलं, "सर, तिचा नंबर कुठे लावायचा?"

आम्ही सगळे हसलो. सर खुशीत होते. म्हणाले, "लागेल रे देवजी! पाच-सात वर्षांत आपल्या सगळ्यांचा नंबर लागेल!"

हे वाक्य लक्षात ठेवा. त्याने पुढे फार ताप दिला.

*

मग डुकराचं आलं. डुकराच्या पोटात माणसाचा अवयव वाढवायचे प्रयोग चाललेत, असं टीव्हीवर दाखवलं आणि आमच्या युनिटमध्ये दोन पार्ट्या पडल्या. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईकसुद्धा दारातून मान घालून भांडू लागले. एक मावशी म्हणाल्या, "देवाच्या कामात लुडबुड कशाला?" सर म्हणाले, "मग हे मशीनसुद्धा लुडबुडच आहे. बंद करू का?" मावशी तडक बाकावर. त्यांचा नवरा त्याच मशीनवर होता ना!

होमीशेठना काहीच अडचण नव्हती. "आपल्याला चालेल. डुक्कर काय, मगर द्या!"

सरांनी देवजीला विचारलं, "तुझं काय मत? चूक की बरोबर?"

देवजीने उशीवरची मान वळवली. म्हणाला, "आम्ही देवाला बोकड देतो, तर आधी त्याच्या अंगावर पाणी शिंपडतो. त्याने अंग झाडलं तर तो हो म्हणाला. नाही झाडलं तर थांबायचं. दुपार होऊ दे, संध्याकाळ होऊ दे, थांबायचं. तुमच्या त्या डुकराला कोण विचारतो?"

सरांनी पिशवीतून डुकराचं कात्रण काढलं. इतकी वर्षं शिकवलं, पण असा प्रश्न कुठल्या वर्गात आला नव्हता म्हणे. मग त्यांनी खिशातलं पेन काढून कात्रणाच्या कडेला लिहिलं, 'डुकराची परवानगी?' आणि कात्रण पिशवीत ठेवलं.

*

एकदा एक टाय लावलेला इसम बाहेरच्या बाकावर बाटल्यांची बॅग घेऊन बसला. "स्टेम सेल ज्यूस! रोज दोन चमचे, किडनी पुन्हा नवी!" पेशंट लोक म्हणजे बुडत्या माणसासारखे, दिसेल ते धरतात. दोघं-तिघं नावं द्यायला लागलेसुद्धा. मी त्याला हाकलणार तेवढ्यात होमीशेठनी त्याला आत बोलावलं. शेठना सगळेच डीकरा, म्हणजे बेटा.

"डीकरा, माझ्या वाडीत एक चिकूचं कलम सुकलंय. एक बाटली फुकट दे. त्याला पालवी फुटली तर मी दहा घेतो, आणि ह्या सगळ्यांना घ्यायला लावतो."

इसमाने दिली. पंधरा दिवसांनी शेठचा निरोप मिळताच तो आनंदाने परत आला. पालवी खरंच फुटली होती! शेठ स्वतः फांदी घेऊन आले होते. सर अस्वस्थ झाले, मी अस्वस्थ झाले. विज्ञान हरतंय की काय!

"मी माळ्याला विचारलं, रोज किती घातलंस?" शेठ म्हणाले. "तो म्हणाला, 'शेठ, झाडाला पाणीच घातलं. ते औषध गोड होतं, मी प्यालो!'"

इसम बॅग उचलून गेला तो पुन्हा दिसला नाही. शेठ मागून ओरडत राहिले, "अरे थांब! माळी पण ताजा झालाय!"

*

आता जरा वेगळं सांगते.

एका गुरुवारी देवजी मशीनवर होता आणि लक्षी आत आली. नेहमी ती बाहेर बसायची. हातातली करटोल्यांची पिशवी तिने सरांच्या पायाशी ठेवली आणि उभी राहिली.

"सर, तुमची ती बशीतली किडनी कधी निघणार? तारीख सांगा."

सर म्हणाले, "का गं?"

"माझी ह्याला जुळते. डॉक्टरांनी तपासलं, रक्त जुळलं, सगळं जुळलं. दीड वर्ष झालं, मी देते म्हणते. हा घेत नाही. म्हणतो, सर म्हणाले नंबर लागणार आहे, तर तुझी कशाला कापायची?"

मी देवजीकडे बघितलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. दीड वर्ष! तब्येत उतरत चालली होती, बसमध्ये दोनदा चक्कर आली होती, आणि हा माणूस मसुराच्या डाळीची वाट बघत होता! मला इतका राग आला की मी सरांना जे बोलले ते इथे सांगत नाही.

सरांनी कात्रणांची पिशवी उशीमागे सरकवली. खरं तर त्या कात्रणांवर ते स्वतःच जगत होते. त्यांचं वय झालेलं, हृदय कमजोर, त्यांच्या ऑपरेशनला कोणी हात लावणार नव्हतं. "पाच-सात वर्षं" हे त्यांनी देवजीला नाही, स्वतःला सांगितलं होतं. मला ते तेव्हा कळलं, आणि रागावल्याचं वाईट वाटलं. पण परत घेतलं नाही.

*

सोमवारी सर आले ते कात्रणांची अख्खी फाइल घेऊन. देवजीच्या बेडवर ठेवली. म्हणाले, "देवजी, हे सगळं खरं आहे. पण आधी उंदरांचा नंबर आहे, मग डुकरांचा, मग माकडांचा. माणसांचा येईल तेव्हा मी नसेन, आणि असा बसून राहिलास तर तूही नसशील. चूक माझी. मी मास्तर आहे, मला 'माहीत नाही' म्हणायची सवय नाही."

देवजी म्हणाला, "नंबराचं असू दे, सर. पण रोपणी ती करते, मोळी ती आणते, घर तिच्यावर चाललंय. तिला काही झालं तर? मी तर असाही गेलेला."

म्हणजे खरं कारण हे होतं! बशी नुसतं निमित्त.

डॉक्टरांनी त्याला समजावलं, एका किडनीवर माणूस शेतीसुद्धा करतो, फक्त तपासण्या वेळेवर करायच्या, पहिले काही महिने जड उचलायचं नाही. तो मान हलवायचा आणि जागचा हलायचा नाही. शेवटी होमीशेठ बोलले, आणि पहिल्यांदाच चेष्टा न करता.

"डीकरा, चिकूचं कलम कसं बांधतात, ठाऊक आहे? मूळ रायणीचं, रानातल्या खिरणीचं. तिची साल जरा तासायची, चिकूच्या फांदीची जरा तासायची, आणि दोघांना जखमेला जखम लावून बांधायचं. तीन महिने बांधून ठेवायचं. घाई करायची नाही. जुळले की मग कापायचं. माझी सगळी वाडी अशी उभी आहे. ज्या झाडाची फांदी घेतली ते झाडही उभं आहे, दर वर्षी फळ देतंय."

लक्षी दारात उभी होती. ती म्हणाली, "शेठ, आम्हाला बांधून पंचवीस वर्षं झाली. कापायचंच तेवढं राहिलंय. ह्याला सांगा."

मी ट्रेमधल्या पाण्याच्या बाटलीतून ओंजळभर पाणी घेतलं आणि देवजीच्या अंगावर शिंपडलं. आता हे नर्सने करायचं काम नाही, मला माहीत आहे! पाणी गार होतं. देवजी शहारला, मान झाडली.

होमीशेठ ओरडले, "हो म्हणाला! सगळ्यांनी बघितलं!"

देवजी हसायला लागला आणि मग रडायला लागला. मशीनचा अलार्म वाजला, मी तो बंद केला.

*

मग कागद. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन, आणि त्याआधी कमिटीची परवानगी. कोणी गरिबाची किडनी विकत घेऊन 'ही माझी बायको' म्हणू नये म्हणून कमिटी सगळं तपासते. रेशनकार्ड होतं, आधार होतं. यादीत पुढचं होतं लग्नाचं प्रमाणपत्र.

"ते नाही," लक्षी म्हणाली.

"हरवलं? ग्रामपंचायतीतून दुसरं मिळेल," मी म्हटलं.

"हरवलं नाही. लग्नच नाही झालं."

मी चिखल्याची असून मला सुचलं नव्हतं! डोंगराकडे ही रीत आहे. दोघं एकमेकांना पसंत पडली की घर मांडतात. लग्न म्हणजे मांडव, गावजेवण, दोन दिवस पाहुणे. ते जमेल तेव्हा. पोरं होतात, मोठी होतात, मग एखाद्या वर्षी आईबापाचं लग्न लागतं. कधी बापाचं आणि पोराचं एकाच मांडवात! गावात कोणाला त्यात काही वाटत नाही. ह्यांचं आज-उद्या करत राहूनच गेलं होतं.

"मग करून टाका!" सर म्हणाले. आणि त्यांनी केलं. मंगळवार-बुधवार धरून, कारण सोमवारी-गुरुवारी नवरदेव मशीनवर! बुधवारी आम्ही तिघं गेलो, मी, सर आणि काठी टेकत होमीशेठ. लग्न लावायला धवलेरी होती, गावातली एक म्हातारी. आमच्याकडच्या भटजींचं काम तिथे ती करते, गाणी म्हणून. नवरदेवाला सांगितलं होतं, पाणी एक ग्लास. मी ग्लास धरूनच बसले होते.

ग्रामसेवकाने फॉर्म भरला. 'पुरोहिताची सही' ह्या रकान्यात धवलेरीने अंगठा उठवला आणि म्हणाली, "एवढी लग्नं लावली, कागदाने मला पहिल्यांदा विचारलं!"

*

तीन आठवड्यांनी कमिटीपुढे. देवजी, लक्षी, त्यांची मोठी मुलगी सुमन, आणि बरोबर सर नि मी. टेबलापलीकडे तीन जण. मधल्या साहेबांनी प्रमाणपत्र उघडलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"लग्न तीन आठवड्यांपूर्वी?"

आम्ही कागद मिळवायच्या नादात नेमका तोच कागद आणला होता, जो बघून कोणीही म्हणेल, किडनीसाठी बायको आणली!

सर उठले. "साहेब, त्या भागातल्या विवाहपद्धतीची पार्श्वभूमी अशी की..."

"तुम्ही कोण?"

"मी त्यांच्या बाजूच्या बेडवरचा."

"मग बसा."

साहेब लक्षीकडे वळले. "बाई, खरं सांगा. तुमच्यावर कोणाचा दबाव आहे?"

"दबाव?" लक्षी म्हणाली. "दबाव माझा आहे! दीड-दोन वर्षं टाकतेय ह्याच्यावर. हाच ऐकत नव्हता!"

बाजूच्या मॅडम खाली बघून हसल्या. त्यांनी रेशनकार्ड पुढे ओढलं, जुनं, कडा झिजलेलं, त्यावर दोघांची आणि चार पोरांची नावं. मग पोरांचे शाळेचे दाखले. आईचं नाव लक्षी, बापाचं देवजी, चारही दाखल्यांवर. मॅडमनी एकेक कागद साहेबांच्या पुढे सरकवला. साहेबांनी सगळे दोनदा वाचले, पेन काढलं आणि सही केली. शिक्का पडला तसा देवजी खुर्चीतच मागे टेकला आणि सरांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा साहेबांनी मागून हाक मारली. त्यांच्या हातात आमच्या कागदांतला लग्नाचा फोटो होता. नवरा-नवरी, आणि मागे हातात वाढपाची बादली घेतलेली सुमन.

"बाई, आता कमिटीचं काम संपलं. हे माझं मला विचारायचंय. ही तुमची मुलगी ना? चोवीस वर्षांची? आणि ती तुमच्याच लग्नात?"

लक्षीने साहेबांकडे असं बघितलं, की एवढा शिकलेला माणूस आणि एवढं कळू नये!

"मग? दोनशे पाहुणे होते. नवरीने उठून वाढायचं काय?"