गळ्यात यंत्र, गिरणी चालू

२५ नोव्हेंबर. गिरणीच्या दगडांना टाकी लावायची होती आणि माझ्या छातीवर वायरी चिकटवलेल्या होत्या.

वायरी ब्लाउजच्या आतून येऊन एका छोट्या डब्याला जोडलेल्या. डबा कापडी पिशवीत, पिशवी गळ्यात. सकाळीच कल्याणला हृदयाच्या डॉक्टरांकडे तो लावून घेतला होता आणि दुसऱ्या दिवशी जाऊनच तो काढायचा होता. तोवर हृदयाचा एकेक ठोका त्यात नोंदला जाणार होता. आंघोळ करायची नाही, वायरी ओढायच्या नाहीत, छातीत काही झालं की डब्यावरचं बटण दाबायचं. बाकी रोज जे करता ते सगळं करायचं. "आराम करू नका हां," डबा लावणारी सिस्टर म्हणाली. "आराम केलात तर आम्हाला काय कळणार?"

मला हे फार आवडलं. डॉक्टरांनी सांगितलेला आराम मी आजवर कधी केला नव्हता, त्यामुळे या वेळी पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

आमचं गाव धसईपासून थोडं आत. घराला लागून पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी टाकलेली, पण त्यांच्यामागे ती मीच चालवते. नवऱ्याचा जीव शेतात. मुलगा मुरबाडला कंपनीत जातो. सून घरात असते, पण मोटरचा पट्टा सुरू झाला की ती दारातूनच दळणाचे डबे आत सरकवायची, आणि मीही तिला कधी आत ओढली नाही. पट्ट्याजवळ माणूस जितकं कमी तितकं बरं, असा माझा हिशोब.

दिवाळीनंतर एकदा वरच्या पेटीत नाचणी ओतताना छातीत काहीतरी खडबडलं. पोत्यात टाकलेला खेकडा चुळबुळतो ना, तसं. मग डोळ्यांपुढे काळोख. पेटीची कड हाताला लागली म्हणून उभी राहिले, नाहीतर समोर पट्टा फिरत होता. स्विच बंद केला आणि पोत्यावर बसले. मी कुणाला सांगणार नव्हते. पण दळणाला आलेली शेजारीण समोरच होती, आणि तिने पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं. संध्याकाळपर्यंत मला झटका येऊन गेला होता असं मला तिघींकडून कळलं.

मुरबाडच्या डॉक्टरांनी तपासून कल्याणला पाठवलं. कल्याणच्या डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

"गिरणी चालवते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हृदय मधेच थांबत असेल तर आत एक छोटं यंत्र बसवावं लागेल. घाबरण्यासारखं नाही, पण मग मोठ्या मोटरजवळ जायचं नाही, तिच्यावर वाकायचं तर मुळीच नाही. "गिरणी दुसऱ्या कुणाला तरी द्या चालवायला," असं ते मीठ कमी खा म्हणावं इतक्या सहज म्हणाले.

यंत्र बसवायला माझी काही हरकत नव्हती. दात बसवतात, गुडघे बसवतात. पण दुसरं कुणी म्हणजे कोण? नवऱ्याने एकदा मी माहेरी गेले असताना गिरणी सुरू केली होती. कुणाचे तरी हरभरे आणि कुणाचे तरी तांदूळ एकत्र दळून निघाले, आणि दोन्ही घरं आठवडाभर एकमेकांच्या जिनसाची चव घेत बसली. तेव्हापासून तो गिरणीत पाहुण्यासारखा येतो. म्हणजे त्या डब्यात काय उतरतं, यावर माझी गिरणी राहते की जाते हे ठरणार होतं. गावाला काय, धसईला दळण नेतील. मी काय करणार, एवढाच प्रश्न होता.

तर कल्याणहून दुपारी आले आणि जेवून लगेच गिरणीत गेले. टाकी लावायची म्हणजे वरचा दगड उचलून उलटा करायचा आणि त्याच्या बुजलेल्या खाचा छिन्नी-हातोडीने पुन्हा उघडायच्या. खाचा बुजल्या की पीठ गरम येतं आणि बायका बोटाने चोळून बघत नाकं मुरडतात. दगड उचलायला नवरा आणि शेजारचा दीर असे दोघे लागतात. पुढची ठोकाठोकी माझी.

हातोडी हातात घेतली तशी सून धावत आली.

"आई, तुमी बसा. मी करते."

"तुला येतं?"

"नाय. पण तुमी सांगा, मी करते."

"आणि डब्यात काय उतरणार? तुझे ठोके?"

तिला ते पटलं, पण ती दारातून हलली नाही. दर चार ठोक्यांनी "आई, होतंय का काही?" असं विचारत राहिली. काही होत नव्हतं. दगडाची कपची उडत होती, हात दुखत होते, म्हणजे सगळं रोजच्यासारखंच होतं.

खरी पंचाईत चारनंतर सुरू झाली. दगड परत बसवून गिरणी सुरू केल्याचा आवाज गेला आणि बायका डबे घेऊन आल्या. एरवी माझ्या गिरणीत रांग ही गोष्ट तोंडी असते. जिचा आवाज मोठा तिचं दळण आधी. त्या दिवशी बघते तर सगळ्या भिंतीला टेकून उभ्या, पदर नीट, आवाज हळू. एक दुसरीला म्हणते, "तुमचं घ्या आधी." दुसरी म्हणते, "छे, तुमचं तांदळाचं हाय, तुमचं घ्या."

मला शंका आली. शेजारणीला विचारलं, "काय गो, आज देवळात आलात का गिरणीत?"

तिने माझ्या गळ्यातल्या पिशवीकडे डोळ्याने खुणावलं आणि अगदी कानाशी येऊन म्हणाली, "त्यात सगळं रेकॉर्ड होतंय ना? कल्याणचे डॉक्टर ऐकतील."

"अगं, त्यात ठोके उतरतात. बोलणं नाय."

"तसंच सांगतात," ती म्हणाली.

गावात ही बातमी कुणी सोडली ते मला कळलं नाही, पण ती सगळीकडे पोचली होती. एक म्हातारी पिशवीसमोर तोंड आणून मोठ्याने म्हणाली, "डाक्टरसाहेब, बाई चांगली हाय आमची. पीठ मऊ काढते. तिला नीट बघा." मागून कुणीतरी बोलली, "आणि दर वाढवू नको म्हणून पन सांगा तिला." तेवढ्या एका वाक्याने रांगेला जरा जिवंतपणा आला. पण लगेच सगळ्या पुन्हा गप्प.

घरातही तेच. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, कानाने मंद. त्यांना वाटलं, डबा ऐकतो आहे तर आपलंही काम उरकून घ्यावं. मला जवळ बसवलं आणि पिशवीत बघून सांगू लागल्या, "माझे गुडगे धरतात. सकाळी उठवत नाय. डाव्यात जास्त. गोळी दिली होती ती कडू हाय, दुसरी द्या." सांगून झाल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं.

नवऱ्याने तर हद्द केली. झोडणीचे दिवस. रोज तो खळ्यावरून अंगभर भाताचं कूस घेऊन येतो आणि तसाच पलंगावर बसतो. रोज मी बोलते. रोज तो म्हणतो, जरा दम खाऊ दे. हे आमचं किती वर्षं चाललंय कोण जाणे. त्या संध्याकाळी तो मागच्या दाराने आला, पडवीत हातपाय धुतले, कपडे झटकले आणि खुर्चीत बसून मला म्हणाला, "दमलीस का?"

लग्नापासून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला घाबरायला झालं.

"तुमाला काय झालं?" मी विचारलं.

"मला काय व्हायचंय?" असं म्हणून त्याने स्वतःचं ताट स्वतः घेतलं.

जेवताना माझ्या लक्षात आलं की दिवस हातचा चालला. बायका शहाण्यासारख्या वागल्या, सुनेने घागरी भरल्या, नवऱ्याने पाय धुतले. छातीतला खेकडा कुठे चुळबुळणार? उद्या डबा कोराच जाणार. मग डॉक्टर म्हणणार, पुन्हा लावू. नाहीतर म्हणणार, यंत्र बसवून टाकू, कशाला धोका. मला खेकडा हवा होता, आणि आजच हवा होता. शिस्तीत येऊन बटणाखाली उतरायला पाहिजे होता.

मी नवऱ्याला म्हटलं, "भांडा माझ्याशी."

"का?"

"सिस्टरने सांगितलंय, रोज करता ते सगळं करा. आज भांडण राहिलंय."

तो पिशवीकडे बघत म्हणाला, "कशावरून भांडू?"

"रोज कशावरून भांडता?"

"रोज तू सुरू करतेस."

हे खरं होतं, पण मला मानायचं नव्हतं. "बरं. तुमची बहीण सुट्टीत आली आणि जाताना माझी चांगली चाळणी घेऊन गेली. परत दिली नाय."

"देईल ना."

"हे काय भांडण झालं?"

"नको गो, ऐकतंय ते," तो कुजबुजला.

मुलगा कंपनीतून येऊन शेजारी जेवत होता. तो खाली मान घालून हसत होता. तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. कानाशी ओरडल्याशिवाय त्यांना चहा आला तेही कळत नाही. पण लेकीबद्दलचं बोलणं त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येतं.

"काय केलंन माझ्या लेकीनं?"

"काय नाय आई," नवरा म्हणाला.

"काय नाय कसं? चाळणीचं काढलंन हिनं. भोकं पडलेली चाळणी! मी नेऊ दिली. घरात ठेवून काय पूजा करायची होती?"

"आई, चाळणीला भोकं असतातच," मुलगा म्हणाला.

"तू गप रे. कंपनीत जातोस तर लय शाणा झालास. आणि तू," हा मोर्चा माझ्या नवऱ्याकडे, "बायको बोलते आणि तू पाय धुवून बसलास! तुझा बाप असा पाय धुवून बसला नाय कधी!"

पाय धुतल्याबद्दल शिव्या खाणारा माणूस मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्याचं तोंड बघून सुनेने पदर तोंडात कोंबला. मुलाच्या नाकात आमटी गेली. मी हसायला लागले, ते हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातच आतून खडबड सुरू झाली. खेकडा! मी दोन्ही हातांनी पिशवी धरली, बटण दाबलं आणि ओरडले, "आलं! आलं!"

नवरा उठून दाराकडे गेला. "कोण आलं?"

"अहो, आतलं आलं! डब्यात गेलं!"

मग सगळेच माझ्याभोवती गोळा झाले. सुनेने पाणी आणलं, मुलाने पाठीवर हात ठेवला. खेकडा थोडा वेळ चुळबुळला आणि गेला. डोळ्यांपुढे काळोख आला नाही, चक्कर आली नाही. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" सून त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली, "आईंचं काम झालं!" त्या म्हणाल्या, "मग चाळणी आणवा," आणि पुन्हा कोपऱ्यात टेकल्या.

दुसऱ्या दिवशी नवरा आणि मी पहिल्या एसटीने निघालो. डबा काढून घेतला, वायरींच्या जागी लाल डाग उठले होते, ते खाजत होते. कागद निघेपर्यंत बाकावर बसलो. नवरा एकदाही बाहेर चहाला गेला नाही, यावरून मला कळलं की तोही गिरणीचाच विचार करतोय. किंवा माझा. विचारलं नाही.

डॉक्टरांनी आत बोलावलं. रेघांवर बोट ठेवून म्हणाले, "दुपारी हे काय? सगळं थरथरलंय."

"दगड ठोकत होते."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठला दगड?"

"गिरणीचा. रोज करता ते करा म्हणाल्या सिस्टर."

"आणि रात्री बटण दाबलंय, तेव्हा काय करत होता?"

"हसत होते."

डॉक्टरही हसले. म्हणाले, हृदय कुठे थांबत नाहीये. मधेच एखादा ठोका घाईने आधीच पडतो, त्याची ही खडबड. धोका नाही. आधीचे हृदयाचे फोटोही चांगले होते. मग खाण्यापिण्याचं विचारलं आणि म्हणाले, चक्कर आली ती दुसऱ्या कारणाने. तपासणीत रक्त बरंच कमी आलंय, सकाळी काही न खाता गिरणी उघडायची आणि दुपारपर्यंत बायका देतील तो चहा प्यायचा, याने दुसरं काय होणार? रक्ताच्या गोळ्या दिल्या. चहा दोन वेळा. गिरणी उघडण्याआधी पोटभर खायचं, यावर त्यांनी दोनदा जोर दिला.

"आणि यंत्र?" नवऱ्याने विचारलं.

"कशाला? गिरणी चालवा खुशाल."

परतताना नवरा मुरबाडच्या स्टँडवर उतरून जिलेबी घेऊन आला. तिथेच पुडी उघडली. एसटी लागेपर्यंत पुडी संपली, घरच्यांसाठी दुसरी घ्यावी लागली. जिलेबी गरम होती. संध्याकाळी तो खळ्यावरून आला तो अंगभर कुसासकट थेट पलंगावर. मी बोलले. चांगलं बोलले. त्याने म्हटलं, जरा दम खाऊ दे.

रात्री जेवताना मी सुनेला सांगितलं, उद्या सकाळी गिरणीत ये. डॉक्टर बरं म्हणाले हे खरं, पण ते सांगेपर्यंतचे दोन दिवस मला काही फार आवडले नव्हते. घरात मोटर सुरू करणारं एकच माणूस असणं हा वेडेपणा आहे.

सकाळी बायका डबे घेऊन हजर होत्या. माझ्या गळ्यातला डबा निघाल्याचं गावाला कळलं होतं, त्यामुळे रांग मोडली होती आणि आवाज परत आला होता. मी सुनेला पट्ट्यापासून किती लांब उभं राहायचं ते दाखवलं, तिचा हात धरून स्विचवर ठेवला आणि पोत्यावर जाऊन बसले. मांडीवर ताट घेतलं. तांदळाची भाकरी, वालाची आमटी, कांदा.

"काकी, आमाला उशीर होतोय आणि तू जेवतेस काय?" शेजारीण ओरडली.

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हटलं आणि सुनेला सांगितलं, "आधी तिचं घे गो, ज्वारीचं. तांदूळ मागाहून." आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.