टाचणीबाईंचा समुद्रघोडा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक होडी आहे. पाणी मंद हलतंय, ऊन कोवळं आहे, प्रकाशयोजना करणाऱ्यालाही जमणार नाही इतकं. होडीच्या काठावर एक सत्तरीची बाई बसली आहे. नाकाडोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा, दातांत श्वासाची नळी, पायांत रबरी पंखे आणि कपाळावर आठ्या. या आमच्या टाचणीबाई.

आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट त्यांनी उभं आयुष्य सांभाळला. ओठांत कायम टाचण्या, म्हणून हे नाव. त्या टाचण्यांआडून त्या इतकं स्वच्छ बोलायच्या की राजापासून शिपायापर्यंत सगळे निमूट ऐकून घ्यायचे. मी अनेकदा राणी झाले, पण विंगेत बाईंनी “पोट आत घे” म्हटलं की माझं राज्य तिथेच खालसा व्हायचं. मला मिळालेल्या टाळ्यांतल्या अर्ध्या त्यांच्या सुईच्या होत्या, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन.

समुद्रघोड्याचं खूळ मात्र अलीकडचं. डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत त्यांनी एक मासिक चाळलं आणि त्यात वाचलं, की या प्राण्यात पिल्लं नर वाढवतो, स्वतःच्या पोटावरच्या पिशवीत. बाईंनी तीन मुलं एकटीने वाढवलेली. नवरा घरी यायचा तो जेवायला आणि चिडायला. “जगात एक तरी निघाला गं कामाचा,” त्या मला म्हणाल्या, “त्याला एकदा बघून येते.” त्याच भेटीत डॉक्टरांनी कानाचं ऑपरेशन ठरवलं आणि बजावलं, की नंतर डोकं पाण्याखाली घालायचं नाही, कधीच. म्हणजे बघायचा तर आत्ताच. आम्ही दोघी सुट्टी काढल्यासारख्या निघालो. खरं तर आम्हाला आता सुट्टीच सुट्टी.

समुद्रकाठच्या त्या गावात पोचलो आणि एकेक विघ्न सुरू झालं. आधी वाऱ्याने पाणी गढूळ केलं. मग बाईंचा चष्मा गळू लागला. तो बदलून मिळाला तोवर होडी दुसऱ्यांना घेऊन गेलेली. त्या होडीतलं एक नवपरिणीत जोडपं पहिल्याच बुडीत दोन समुद्रघोडे पाहून आलं आणि जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं वर्णन करत बसलं. बाईंनी संध्याकाळभर माझ्याशी अबोला धरला, जणू मीच ते लपवून ठेवले होते.

आणि हा शेवटचा दिवस. आमचा गाइड जाड मिशांचा, शांत माणूस. त्याने पुन्हा समजावलं: मावशी, तो बोटाएवढा असतो, समुद्रातल्या गवताच्याच रंगाचा, शेपटीने गवताची काडी धरून उभा असतो. दिसला की नुसतं तरंगायचं, पाय अजिबात हलवायचे नाहीत. बाईंनी नळीतूनच त्याला ऐकवलं, की बारीक टाके घालण्यात जन्म गेलाय माझा, बोटभर वस्तू मला दिसणार नाही तर कुणाला.

छातीएवढ्या पाण्यात आम्ही उतरलो. मीही चष्मा लावून, रबरी कड्याला धरून तरंगत होते. बऱ्याच वेळाने गाइडने बाईंच्या खांद्याला हात लावला आणि बोट दाखवलं. मला दिसला! गवतात ताठ उभा, मान खाली घातलेली, पोट पुढे, एखाद्या रुसलेल्या सरदारासारखा. बाईंच्या नाकासमोर, वीतभर अंतरावर.

आता इथे एक सांगायला हवं. वेष शिवून झाला की बाई तो जवळून कधीच बघत नसत. दोन पावलं मागे सरायच्या आणि मान तिरकी करायच्या. प्रेक्षक शेवटच्या रांगेतही बसतो, त्यांचं म्हणणं. असंच मागे सरताना एकदा त्या थेट तबलजीच्या मांडीवर बसल्या होत्या. तरी सवय गेली नाही.

ती पाण्यातही गेली नाही. गाइडचं बोट दिसताच बाईंनी तळावर पाय टेकले आणि झोकात दोन पावलं मागे टाकली. ते रबरी पंखे वाळूत असे फिरले की खालून ढगच उसळला. मला बाई दिसेनात, बाईंना गवत दिसेना. वाळू खाली बसली तेव्हा काडी होती, घोडा नव्हता. आम्ही गवताचा पट्टा पुन्हा पुन्हा धुंडाळला. शेवटी वारा वाढला आणि गाइडने होडीकडे हात केला.

होडीत बाई भिजल्या टॉवेलसारख्या बसल्या. गाइड बिचारा म्हणाला, माझ्या फोनमध्ये फोटो आहेत, दाखवू का? बाईंनी मान फिरवली. होडी परत वळवा म्हणाल्या. त्याने लाटांकडे बोट दाखवलं. मला राहवेना. मी समोर उभी राहिले, मान खाली घातली, पोट पुढे काढलं, हात अंगाशी चिकटवले आणि होडीच्या लयीत हळूहळू डुलू लागले. गाइडने तर टाळी वाजवली.

 बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “नक्कल नको करूस. तू चांगली करतेस, म्हणून तर जास्त राग येतो.”