थांबलंय, संपलेलं नाही

संगीत लावलं की नानाकाका तर्जनी वर करून बसत. ती खाली येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. मुंबईच्या कॉलेजात जन्मभर जर्मन शिकवून ते पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत परतले, ते अडीचशे वर्षांपूर्वीचं जर्मन संगीत बरोबर घेऊन. श्रोते दोनच : काकू आणि मी. मी पन्नाशीचा पुतण्या. मान डोलवायचो, पण नेमकी चुकीच्या जागी.

"हे दोन सूर ऐक, बाळ्या. वरून खाली. उसासा आहे तो," ते सांगत. "तिथे त्या काळी मानायचे, वाजवणाऱ्याचं काळीज हललं नाही तर ऐकणाऱ्याचंही हलत नाही. त्यांच्या कादंबऱ्यांतले तरणेबांड पुरुष पानोपानी रडतात!"

"आमच्यात असा रडला तर भगताकडं नेतील," काकू भाकरी थापता थापता म्हणे.

मध्येच सगळी वाद्यं गप्प होत. मुद्दाम घातलेली शांतता ती, पण काकूला दर वेळी वाटे, आटपलं. आतून हाक येई, "संपला काय तुमचा जर्मन? वाढू?"

नाना उसळत. "संपलं नाही, थांबलंय! गळा दाटलाय त्याचा!"

"मग पानी पाजा त्याला."

गेल्या वर्षी काकू बसल्या जागी गेली. बायका हेल काढून रडल्या, "आता आमाला हाक कोन मारील गो!" नाना भिंतीला टेकून कोरडे. शेजारच्या सखूआत्याने मला बाजूला घेतलं, "मास्तरांना रडव रे. आत कोंडलं तर मानूस जातो." सगळ्यांनी करून पाहिलं. काकूचं लुगडं पुढ्यात ठेवलं, तिच्या आठवणी काढल्या. दहावा झाला तरी डोळ्यांत टिपूस नाही.

शेवटी मी, घरातल्या जाणकार रसिकाने, मोबाइलवर त्यांचं ते आवडतं संगीत लावलं. तर्जनी वर गेली. मला हायसं वाटलं. ते दोन सूर आले, वरून खाली. मग वाद्यं गप्प झाली.

आम्ही दोघांनीही स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आतून काहीच आलं नाही. वाद्यं पुन्हा सुरू झाली. नानांची तर्जनी तशीच वर, डोळे तसेच कोरडे. बऱ्याच वेळाने त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"बंद कर, बाळ्या. संपलं."

अजून निम्मं बाकी होतं.